पैसे भरण्याआधी ट्रान्सक्रिप्ट उघडा: अमेरिकेत मेडिकलच्या प्रवेशासाठी पोस्ट-बॅक आणि एसएमपी

मार्च उजाडला की न्यू जर्सीतल्या ओळखीच्या घरांतून मला फोन यायला लागतात. मुलाने किंवा मुलीने वीस-पंचवीस मेडिकल कॉलेजांना अर्ज केलेले असतात. एखादा इंटरव्ह्यू झालेला असतो किंवा तोही नाही, आणि इनबॉक्समध्ये नकार साचलेले असतात. आई-वडिलांचा प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो: "ताई, एखादा वर्षाचा मास्टर्स करून टाकला तर पुढच्या वेळी होईल ना?"

मी डॉक्टर नाही, आणि प्रवेशाचा सल्ला देणं हा माझा व्यवसायही नाही. माझी भाची या वाटेने गेली आणि त्या काळात तिचे कागद, तिचं वेळापत्रक आणि तिचा हिशेब मी तिच्याबरोबर बसून सांभाळला. नंतर मंडळातल्या बऱ्याच मुलांचे कागद पाहिले. त्यातून एक गोष्ट पक्की कळली. पोस्ट-बॅक (बॅचलर्सनंतर घेतलेले विज्ञानाचे विषय) आणि एसएमपी (मेडिकलच्या तयारीचा खास मास्टर्स) हे कोर्स चांगले आहेत, पण प्रत्येक कोर्स वेगळ्या दुखण्यावरचा आहे, आणि अर्ज नेमका कुठे कमी पडला हे न बघता पैसे भरणारी घरंच जास्त दिसतात. म्हणून हा लेख.

भारतातल्या वाचकांसाठी एवढंच सांगते: तिकडे बारावीनंतर नीट देऊन थेट एमबीबीएस. इथे आधी चार वर्षांची बॅचलर्स, त्यात ठरावीक विज्ञान विषय, मग एमकॅट ही परीक्षा, आणि मग चार वर्षांचं मेडिकल. एमडीच्या कॉलेजांना (इथे एमडी हीच डॉक्टरकीची पहिली पदवी) दरवर्षी साधारण ५२ हजार जण अर्ज करतात आणि २३ हजारांच्या आसपास मुलं आत जातात. आत गेलेल्यांचा सरासरी जीपीए (४.० पैकी ग्रेडची सरासरी) ३.८ च्या जवळपास असतो आणि एमकॅट ५११-५१२. एमकॅटची पट्टी ४७२ ते ५२८ अशी आहे. म्हणजे नकार आलेल्यांची संख्या प्रवेश मिळालेल्यांपेक्षा जास्त आहे, आणि त्यातली पुष्कळ मुलं हुशार आणि मेहनती आहेत.

पहिलं काम: सगळे ट्रान्सक्रिप्ट टेबलावर

भाचीचं ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे कॉलेजचं गुणपत्रक, आम्ही जेवणाच्या टेबलावर पसरलं होतं. चार पानं, एक पिवळा मार्कर आणि लॅपटॉपवर रिकामी एक्सेल शीट. कॉलेजच्या हिशेबाने तिचा जीपीए ३.२४ होता आणि अर्जातही तोच दिसेल असं ती धरून चालली होती. दुसऱ्या वर्षी ऑरगॅनिक केमिस्ट्री आणि फिजिक्स या दोन्हींत तिला सी मिळाला होता. तिने दोन्ही विषय परत घेतले, बी आणि बी प्लस आले, आणि कॉलेजच्या नियमाप्रमाणे जुने सी जीपीएतून वगळले गेले.

एमडीच्या कॉलेजांचा सामायिक अर्ज ज्या यंत्रणेतून जातो ती ॲमकॅस. तिथे असं वगळणं नसतं. पहिल्यांदाचा सी आणि दुसऱ्यांदाचा बी, दोन्ही धरले जातात. डीओ ही डॉक्टरकीची दुसरी पदवी देणाऱ्या कॉलेजांची आकोमास ही यंत्रणा पूर्वी फक्त नंतरची ग्रेड धरायची, पण २०१७ मध्ये तीही सवलत गेली. चार-चार क्रेडिटचे (क्रेडिट म्हणजे विषयाचं वजन) ते दोन सी मी शीटमध्ये परत घातले आणि ३.२४ चे ३.१६ झाले. भाची बराच वेळ त्या आकड्याकडे बघत बसली. "मावशी, मी हा अर्ज ३.२४ समजून लिहिला होता गं," एवढंच म्हणाली.

हा हिशेब तुम्हीही घरी करू शकता. प्रत्येक विषयाची क्रेडिट्स एका रकान्यात, ग्रेडचे गुण दुसऱ्यात: ए ४.०, ए मायनस ३.७, बी प्लस ३.३, बी ३.०, बी मायनस २.७, सी प्लस २.३, सी २.०. कॉलेजने ए प्लसला ४.३ दिले असले तरी इथे ४.० च लिहायचे. क्वार्टर पद्धतीच्या कॉलेजची क्रेडिट्स दोन तृतीयांशाने गुणून सेमिस्टरची करून घ्या. हायस्कूलमध्ये असताना कम्युनिटी कॉलेजचे जे विषय घेतले तेही यात येतात, उन्हाळ्यात दुसऱ्या कॉलेजात केलेला एखादा विषयही येतो. जिथे जिथे नाव नोंदवलं त्या प्रत्येक अमेरिकन संस्थेचं ट्रान्सक्रिप्ट द्यावंच लागतं. एखादं लपवलं आणि ते उघड झालं, तर तो प्रामाणिकपणाचा प्रश्न होतो आणि अर्ज तिथेच संपू शकतो.

मग दुसरा आकडा काढा: फक्त बायोलॉजी, केमिस्ट्री, फिजिक्स आणि गणिताचा जीपीए. याला इकडे बीसीपीएम किंवा सायन्स जीपीए म्हणतात. स्टॅटिस्टिक्स यात येतं, बायोकेमिस्ट्री आणि न्यूरोसायन्सही येतं. सायकॉलॉजी येत नाही, पब्लिक हेल्थ येत नाही, इंजिनिअरिंगचे विषयही साधारणपणे येत नाहीत. आपल्याकडच्या बायोमेडिकल इंजिनिअरिंगवाल्या मुलांना हे शेवटचं धक्का देतं. भाचीचा हा आकडा २.९० निघाला, ५६ क्रेडिट्सवर.

आता पुढचं वर्ष गृहीत धरून बघा. तिच्याकडे एकूण १२८ क्रेडिट्स ३.१६ ने होती. आणखी ३० क्रेडिट्स घेऊन सगळीकडे ए आणला, तर ३.३२. साठ क्रेडिट्स सगळी ए, तर ३.४३. तीस क्रेडिट्सना सरासरी ३.५ पडले, तर जेमतेम ३.२२. सायन्सचा आकडा मात्र ३० क्रेडिट्सच्या ए ने २.९० वरून ३.२८ पर्यंत गेला असता. मागे चार वर्षांचं ओझं असतं तेव्हा एकूण सरासरी हळूच हलते. कॉलेजं चढती कमानही बघतात, पण ती दिसायला नवीन ग्रेड जवळजवळ सगळ्या ए लागतात.

दुखणं कोणतं आहे ते ठरवा

शीट भरून झाली की बहुतेक मुलं या चारांपैकी एका ठिकाणी सापडतात.

काहींचे विज्ञान विषयच झालेले नसतात. अर्थशास्त्र, संगीत, कॉम्प्युटर सायन्स असं काही शिकून नोकरीला लागलेली, आणि पंचविशीत मेडिकलकडे वळलेली. यांच्यासाठी करिअर-चेंजर पोस्ट-बॅक आहे. हे कोर्स पदवी देत नाहीत, फार तर प्रमाणपत्र देतात. काम एकच: एका वर्षाची जनरल केमिस्ट्री, ऑरगॅनिक, बायोलॉजी आणि फिजिक्स, सगळं लॅबसकट, वर बायोकेमिस्ट्री. कोलंबिया विद्यापीठाच्या स्कूल ऑफ जनरल स्टडीजचा कोर्स १९५५ पासूनचा आहे आणि देशातला सगळ्यात जुना आणि मोठा मानला जातो. पेनसिल्व्हेनियात ब्रिन मॉर, मेरीलंडमध्ये गाउचर आणि जॉन्स हॉपकिन्स, कॅलिफोर्नियात स्क्रिप्स हे लहान, निवडक कोर्स आहेत. पूर्ण वेळ, वर्ष-सव्वा वर्षात सगळं उरकणारे. ज्यांचे बरेचसे विज्ञान विषय आधीच झालेत, त्यांना हे लहान कोर्स सहसा घेत नाहीत. तीन-साडेतीन जीपीएचा बायोलॉजी मेजर तिथे अर्ज करून पैसे घालवतो, हे मी पाहिलंय.

यांपैकी काही कोर्सना लिंकेज असतं. एखाद्या मेडिकल कॉलेजशी करार असतो. कोर्स चालू असतानाच तिथे अर्ज करता येतो, आणि ठरलेल्या ग्रेड, आणि जिथे लागतो तिथे एमकॅट, आला की मध्ये वर्ष न जाता थेट प्रवेश. एरवी कोर्स संपल्यानंतर अर्जाचं जे एक वर्ष जातं त्याला ग्लाइड इयर म्हणतात. लिंकेज घेताना बहुतेक वेळा त्या एकाच कॉलेजला बांधून घ्यावं लागतं.

दुसरे म्हणजे ज्यांचे विषय झालेत पण बॅचलर्सचा जीपीए पडलाय, भाचीसारखे. यांना बॅचलर्सच्या पातळीवरचे आणखी विषय लागतात, कारण पदवीनंतर घेतलेले असे विषय ॲमकॅसमध्ये पोस्ट-बॅक म्हणून वेगळ्या ओळीतही दिसतात आणि एकूण बॅचलर्स जीपीएतही मिळतात. यासाठी रेकॉर्ड-एन्हान्सर नावाचे तयार कोर्स आहेत. नाहीतर स्वतःच एखाद्या स्टेट युनिव्हर्सिटीत नॉन-डिग्री विद्यार्थी म्हणून नाव घालून जेनेटिक्स, फिजिऑलॉजी, सेल बायोलॉजी, इम्युनॉलॉजी असे वरच्या पातळीचे विषय घेता येतात. याला मुलं डीआयवाय पोस्ट-बॅक म्हणतात. तयार कोर्समध्ये सल्लागार मिळतो आणि काही ठिकाणी कमिटी लेटर (संस्थेचं एकत्रित शिफारसपत्र) मिळतं. डीआयवायमध्ये फी पुष्कळ कमी, नोकरी सांभाळता येते, पण वर्गात जागा शिल्लक राहीपर्यंत थांबावं लागतं, कारण नियमित विद्यार्थ्यांची नोंदणी आधी होते.

तिसरे: जीपीए ३.३ ते ३.५ च्या आसपास, विषय सगळे झालेले, एमकॅट बरा. इथे कॉलेजला शंका असते ती ही, की मेडिकलच्या अभ्यासाचा लोंढा या मुलाला झेपेल का. एसएमपी याच मुलांसाठी आहे. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिते.

आणि चौथे, ज्यांना कोणताच कोर्स नको. जीपीए ३.७, पण एमकॅट ५०३. किंवा दोन्ही उत्तम, पण दवाखान्यात पेशंटजवळ घालवलेले तास जवळजवळ शून्य. किंवा अर्ज जूनऐवजी सप्टेंबरात गेला. किंवा यादीत फक्त नावाजलेली वीस कॉलेजं. या मुलांनी साठ हजार डॉलरचा मास्टर्स केला तरी जी कमी होती ती तशीच राहते. त्यांना एमकॅटचा नीट अभ्यास, वर्षभर स्क्राइब (डॉक्टरांसाठी नोंदी लिहिणारा) किंवा ईएमटीची (रुग्णवाहिकेवरचा सहाय्यक) नोकरी, आणि वेळेवर, शहाणपणाने केलेली यादी हवी. आमच्या ओळखीतल्या निम्म्याहून अधिक घरांना मी हेच सांगते, आणि बरेचदा ते पालकांना पटत नाही, कारण नोकरीपेक्षा मास्टर्स सांगायला बरा वाटतो.

एसएमपी म्हणजे काय, आणि ती कुठे उलटते

स्पेशल मास्टर्स प्रोग्रॅम ही एका वर्षाची, कधी दोन वर्षांची मास्टर्स पदवी. नाव फिजिऑलॉजी, मेडिकल सायन्सेस किंवा बायोमेडिकल सायन्सेस असं असतं. जॉर्जटाउनचा कोर्स १९७५ पासून चालू आहे. बॉस्टन युनिव्हर्सिटी, सिनसिनाटी, टफ्ट्स, लॉयोला शिकागो, ड्रेक्सेल आणि आमच्याकडे रटगर्स यांचेही आहेत. ठरावीक एसएमपीत मुलं मेडिकलच्या पहिल्या वर्षाचेच विषय घेतात, काही ठिकाणी त्याच परीक्षा देतात आणि त्यांच्या ग्रेड मेडिकलच्या विद्यार्थ्यांशी ताडून पाहिल्या जातात. त्यामुळे तिथला ए खरोखर बोलतो. "हा मुलगा आमच्या पहिल्या वर्षाच्या वर्गात वरच्या निम्म्यात होता," असं ज्या संस्थेला लिहिता येतं तिचं पत्र वजनदार असतं.

पण सगळे एक वर्षाचे बायोमेडिकल मास्टर्स असे नसतात. काहींत मेडिकलचा एकही विषय नसतो, नुसते नेहमीचे पदव्युत्तर वर्ग असतात. नावावरून कळत नाही. अभ्यासक्रमाचं पान उघडून कोणता विषय कोण शिकवतं आणि वर्गात आणखी कोण बसतं, हे पाहा.

आणि एक गोष्ट ठळक लक्षात ठेवा: एसएमपीच्या ग्रेड ॲमकॅसमध्ये पदव्युत्तर रकान्यात जातात. बॅचलर्सचा जीपीए त्याने एका शतांशानेही हलत नाही. ज्याचा आकडा २.९ आहे आणि कॉलेजांच्या पहिल्या चाळणीतच जो गळतोय, त्याचा एसएमपीनंतरही आकडा २.९ च राहतो. अशा मुलाने आधी बॅचलर्स पातळीचे विषय घेऊन तीनच्या बऱ्यापैकी वर यावं आणि मग एसएमपीचा विचार करावा.

धोकाही खरा आहे. आमच्या एका मित्राचा मुलगा एसएमपीला गेला. ऑगस्टात बायोकेमिस्ट्री आणि फिजिऑलॉजीचे ब्लॉक सुरू झाले, तो रोज गाडीने पाऊण तास जाऊन-येऊन करायचा, वर शनिवार-रविवार वडिलांच्या दुकानात मदत. ऑक्टोबरात पहिल्या दोन परीक्षांत बी मायनस. वर्षअखेरीला ३.१. बॅचलर्समध्ये कमी पडलेल्या मुलाला "तेव्हा मी लहान होतो, आता सुधारलो" असं म्हणता येतं. एसएमपीत कमी पडल्यावर ते म्हणायची जागा राहत नाही, कारण परीक्षा मेडिकलच्याच विषयांत झालेली असते. म्हणून या वर्षात नोकरी नाही, लांबचा प्रवास नाही, एमकॅटही शक्यतो आधी देऊन मोकळं व्हायचं. घरच्यांनी या वर्षी लग्नं, मुंज, गणपतीची जबाबदारी त्या मुलावर टाकू नये. हे मी अगदी मनापासून सांगते.

संस्थेला विचारायचे प्रश्न

भाचीला एप्रिलमध्ये एका संस्थेचं पत्र आलं. प्रवेश मिळालाय, दोन आठवड्यांत डिपॉझिट भरा. माहितीपत्रकात लिहिलं होतं, आमच्या ९० टक्के विद्यार्थ्यांना प्रवेश मिळतो. आम्ही फोन करून विचारलं: नव्वद टक्के कशाचे? बऱ्याच वेळाने उत्तर आलं की कोर्स पूर्ण केलेल्या आणि संस्थेने पाठिंब्याचं पत्र दिलेल्या विद्यार्थ्यांपैकी. ठरावीक ग्रेडखालच्यांना ते पत्र मिळत नव्हतं. शिवाय "प्रवेश" यात डेंटल, फिजिशियन असिस्टंट आणि कॅरिबियनची कॉलेजंही धरलेली होती. सुरुवातीला वर्गात किती होते आणि त्यांतले किती अमेरिकेतल्या एमडी किंवा डीओ कॉलेजात गेले, हा आकडा त्यांनी दिला नाही. आम्ही डिपॉझिट भरलं नाही.

तेव्हा टक्केवारीचा छेद, म्हणजे कितींपैकी, ते विचारा. ज्या ऑगस्टला वर्ग सुरू झाला, त्या दिवशी बसलेल्यांपैकी किती, किती वर्षांत, एमडीला किती, डीओला किती. स्वतःच्या मेडिकल कॉलेजात दर वर्षी किती घेतात. "हमखास इंटरव्ह्यू" लिहिलंय तर त्यासाठी किती जीपीए आणि किती एमकॅट, आणि ते लेखी कुठे आहे. कमिटी लेटर सगळ्यांना की निवडक. ग्रेड इतरांच्या तुलनेत (कर्व्हवर) ठरतात का, आणि ठरत असतील तर कोणाच्या तुलनेत. पहिली परीक्षा वाईट गेली तर पैसे परत मिळण्याची शेवटची तारीख कोणती. शक्य असेल तर गेल्या वर्षीच्या दोन विद्यार्थ्यांशी बोला, त्यातला एक तरी असा असावा ज्याला अजून प्रवेश मिळालेला नाही.

कोर्सची यादी हवी असेल तर एएएमसी या मेडिकल कॉलेजांच्या संघटनेने पोस्ट-बॅक कोर्सची शोधता येईल अशी सूची ठेवली आहे. राज्य, कोर्सचा प्रकार, पदवी की प्रमाणपत्र, असं निवडून बघता येतं. पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरणाऱ्या यादीपेक्षा ती बरी.

पैसे

खासगी संस्थेत एका वर्षाच्या एसएमपीची फी ५०-६० हजार डॉलरच्या घरात जाते, राहणं-खाणं वेगळं. आणि आता कर्जाचे नियम बदललेत. जुलै २०२५ मध्ये सही झालेल्या कायद्याने १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांसाठी ग्रॅड प्लस हे सरकारी कर्ज बंद होतं. साध्या पदव्युत्तर कोर्सला वर्षाला २०,५०० डॉलर आणि एकूण १,००,००० ही सरकारी कर्जाची मर्यादा. मेडिकलसाठी वर्षाला ५०,००० आणि एकूण २,००,०००. एसएमपी या हिशेबात साधा पदव्युत्तर कोर्स आहे, मेडिकल नाही. म्हणजे फीचा मोठा भाग खासगी कर्जातून किंवा आई-वडिलांच्या खिशातून, आणि पुढे मेडिकलची चार वर्षं अजून यायचीच आहेत. पदवी न देणाऱ्या पोस्ट-बॅकला सरकारी कर्ज मिळतं ते पूर्वतयारीचे विषय म्हणून, फार तर बारा महिन्यांचं. डिपॉझिट भरण्याआधी त्या संस्थेच्या फायनान्शियल एड ऑफिसकडून तुमच्या मुलाला प्रत्यक्षात किती मिळेल हे लेखी घ्या. घरावर कर्ज काढून एसएमपी केलेली घरं मला माहीत आहेत. कर्ज काढायचंच तर निदान शीट भरून, हिशेब मांडून काढा.

व्हिसाचा प्रश्न आधी, बाकी सगळं नंतर

हा भाग आपल्या लोकांसाठी फार महत्त्वाचा आहे आणि इंग्रजीतल्या मार्गदर्शनात तो शेवटच्या परिच्छेदात असतो. आई-वडिलांचं ग्रीन कार्ड रांगेत अडकलंय, मूल एच-४ (आई-वडिलांवर अवलंबून असलेल्यांचा व्हिसा) वर इथेच वाढलं, आणि एकवीस वर्षं पूर्ण झाली की एच-४ संपून एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) वर यावं लागतं. अशा मुलांना बहुतेक सरकारी मेडिकल कॉलेजं घेतच नाहीत, त्यांना नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक लागतो. खासगीतली थोडी घेतात, त्यातली काही आधीच मोठी रक्कम बाजूला ठेवलेली दाखवायला सांगतात. सरकारी कर्ज नाही. एफ-१ वर पूर्ण वेळ शिकणं बंधनकारक, त्यामुळे संध्याकाळी एकेक विषय घेण्याचा डीआयवाय मार्ग बंद. आय-२० (विद्यार्थी व्हिसासाठी संस्थेने द्यायचा कागद) देणारा पूर्ण वेळ कोर्सच लागतो. म्हणून आधी कॉलेजांची यादी काढा. तुमच्या मुलाच्या स्टेटसवर घेणारी किती आहेत हे कळल्यावरच पोस्ट-बॅकचा खर्च ठरवा.

दुसरा फोन येतो तो पुण्या-मुंबईत बीफार्म किंवा बीएस्सी करून लग्नानंतर इकडे आलेल्या मुलींचा. ॲमकॅस परदेशातल्या ग्रेड तपासत नाही, आणि बहुतेक मेडिकल कॉलेजांना अमेरिकन कॉलेजातली क्रेडिट्स हवी असतात. काहींना ९०, काहींना पूर्ण अमेरिकन बॅचलर्स. नुसत्या एका वर्षाच्या पोस्ट-बॅकने हे भागतंच असं नाही. ज्या पाच-सहा कॉलेजांना अर्ज करायचा त्यांना ईमेल करून विचारा, उत्तर जपून ठेवा. (एमबीबीएस झालेल्यांची वाट पूर्ण वेगळी आहे. त्यांनी यूएसएमएलई ही परवान्याची परीक्षा देऊन थेट रेसिडेन्सीकडे (पदवीनंतरचं हॉस्पिटलातलं प्रशिक्षण) जायचं, या कोर्सना हात लावायचा नाही.)

तारखांचा मेळ

इथे घरोघरी गणित चुकतं. समजा ऑगस्ट २०२६ ला एसएमपी सुरू झाली. त्याच्या आधी जूनमध्येच अर्ज टाकला, तर अर्जात एसएमपीची एकही ग्रेड नसते. डिसेंबर-जानेवारीत अपडेट लेटर पाठवता येतं, पण तोपर्यंत बरेच इंटरव्ह्यू वाटून झालेले असतात. ग्रेड अर्जात दिसायला हव्या असतील तर मे २०२७ ला कोर्स संपवायचा, जून २०२७ ला अर्ज करायचा आणि ऑगस्ट २०२८ ला मेडिकल सुरू. म्हणजे "एका वर्षाचा" कोर्स धरून दोन वर्षं. जिथे स्वतःच्या मेडिकल कॉलेजशी पक्का करार आहे तिथेच मधलं वर्ष वाचू शकतं.

अर्ज मेच्या सुरुवातीला उघडतो, मे संपता संपता पाठवता येतो, आणि जूनच्या अखेरीपासून कॉलेजांकडे जायला लागतो. ग्रेड तपासायला यंत्रणेला आठवडे लागतात, त्यामुळे पहिल्या काही दिवसांत पाठवणाऱ्याचा फायदा होतो. एमकॅट त्याआधी, जानेवारी ते एप्रिलमध्ये देऊन ठेवावी. साडेसात तासांची बैठक असते, ती रात्रपाळी करून आल्यावर द्यायची परीक्षा नाही. आयुष्यात सात वेळा देता येते आणि दिलेली प्रत्येक वेळ कॉलेजांना दिसते, त्यामुळे "नुसतं बघू" म्हणून बसू नये. टेक्सासच्या सरकारी कॉलेजांचा अर्ज वेगळा, टीएमडीएसएएस. तो लवकर सुरू होतो.

त्या वर्षात आणखी काय

ग्रेडसोबत माणसं हवीत. विज्ञानाच्या दोन प्राध्यापकांची शिफारसपत्रं लागतातच, आणि तीनशेच्या वर्गात मागे बसून ती मिळत नाहीत. भाची दर मंगळवारी फिजिऑलॉजीच्या बाईंच्या ऑफिस अवरला जायची, बरेचदा प्रश्न एकच असायचा. वर्षअखेरीला बाईंनी जे पत्र दिलं असेल ते आम्ही वाचलेलं नाही, पण तिला मिळालेल्या तिन्ही इंटरव्ह्यूत त्याचा उल्लेख झाला.

पेशंटजवळचे तास अमेरिकेतले असावेत. आपल्याकडे सर्रास होतं ते असं: सुट्टीत मूल सांगलीला किंवा नाशिकला जातं, काकांच्या हॉस्पिटलात ओटीत उभं राहतं, काका कौतुकाने टाके घालायला देतात, आणि मूल ते अर्जात मोठ्या अभिमानाने लिहितं. इथली कॉलेजं हे वाचून दचकतात. प्रशिक्षण नसताना पेशंटवर हात चालवणं त्यांच्या दृष्टीने अनैतिक आहे, आणि परदेशातल्या अशा अनुभवांबद्दल एएएमसीने स्पष्ट मार्गदर्शक सूचना दिलेल्या आहेत. तिकडे गेलात तर फक्त बघा, आणि लिहिताना बघितलं असंच लिहा.

डीओबद्दलही बोलायला हवं. "डीओ म्हणजे खरा डॉक्टर ना?" हे मला अजून विचारलं जातं. होय. तोही औषध लिहून देतो, शस्त्रक्रिया करतो, आणि २०२० पासून एमडी-डीओ दोघांच्या रेसिडेन्सीची मान्यता एकाच व्यवस्थेखाली आहे. काही फार चढाओढीच्या शाखांत डीओला जास्त झगडावं लागतं हे खरं. पण प्रवेश मिळालेल्यांची सरासरी तिथे जीपीए ३.६ आणि एमकॅट ५०४ च्या आसपास असते. ३.३ वाल्या मुलाने घरच्यांच्या संकोचापायी ती यादी टाळली, तर तो स्वतःचं दार स्वतः लावून घेतो. बऱ्याच डीओ कॉलेजांचे स्वतःचे एक वर्षाचे बायोमेडिकल कोर्स आहेत, पेनसिल्व्हेनियात पीकॉम आणि लेकॉमचे त्यातलेच.

भाचीने शेवटी एसएमपी केली नाही. सकाळी एका अर्जंट केअरमध्ये स्क्राइब, संध्याकाळी स्टेट युनिव्हर्सिटीत दोन विषय, अशी चार सेमिस्टर्स. तीस क्रेडिट्स, एक ए मायनस सोडून सगळ्या ए. एकूण ३.३१. एमकॅट दुसऱ्यांदा दिली. जूनच्या पहिल्या आठवड्यात एमडी आणि डीओ मिळून सव्वीस अर्ज गेले, आणि ऑक्टोबरच्या एका गुरुवारी स्क्राइबिंग करताना तिला डीओ कॉलेजचा फोन आला. शिफ्ट संपायला दोन तास होते, तिने शिफ्ट पूर्ण केली आणि मग गाडीत बसून आईला फोन केला. पिवळ्या मार्करच्या रेघा असलेलं ते चार पानी ट्रान्सक्रिप्ट अजून माझ्याकडे फाइलमध्ये आहे. नवीन कोणी आलं की मी तेच आधी समोर ठेवते, आणि सांगते की तुझं घेऊन ये.